मोकळ्या जमिनीचे दाखले

कोशकचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत, चार लाख कार्डं आणि दाखलेबाई राहत. कार्डं चोवीस तास राहत आणि बाई साडेपाचला घरी जात, एवढाच काय तो फरक.

दाखलेबाई हे त्यांचं पाळण्यातलं नाव अर्थातच नव्हतं. एकदा मधल्या सुट्टीत कोणीतरी "आज फार उकडतंय" म्हणालं आणि बाईंनी मान वर न करता "दाखला?" असं विचारलं, तेव्हापासून ते नाव पडलं असं सांगतात. ही गोष्ट साफ खोटी आहे असं बाईंचं म्हणणं होतं. ती खरी असल्याचा लेखी दाखला कोणाकडेच नसल्यामुळे वाद तिथंच मिटे आणि नाव मात्र चालू राही.

कचेरीचा कायदाच तसा होता. आद्य संपादकांनी तो घालून दिला होता आणि प्रत्येक खोलीत त्यांच्या फोटोखाली चौकटीत लावला होता. कोणताही अर्थ छापायचा तर त्याला तीन घरचे तीन दाखले हवेत. दाखला लेखी हवा, त्यावर तारीख हवी, लिहिणाऱ्याचं नाव हवं. कार्ड करणाऱ्याच्या नात्यातल्या माणसाचा दाखला धरू नये. (हे शेवटचं कलम आद्य संपादकांच्या मेहुण्यामुळे आलं. मेहुणे कविता करत आणि स्वतः बनवलेले शब्द कोशात घाला म्हणून दर रविवारी जेवायला येत.) कार्डाच्या तळाशी कार्ड करणाऱ्याची सही झाल्याशिवाय ते छपाईला जाऊ नये. आणि वाद पडला, कोणाकडेच तीन दाखले भरले नाहीत, तर मुख्य संपादक सांगतील तो अर्थ छापावा.

या कायद्यापायी भलेभले शब्द दाराबाहेर ताटकळत उभे राहिले. 'गचाळ' सहा वर्षं उभा होता. अख्खं शहर तो शब्द वापरत होतं, कचेरीतल्या चहाबद्दल तर रोज, पण कागदावर कोणी उतरवत नव्हतं.

तर त्या वर्षी 'व' अक्षराचा खंड निघायचा होता आणि काम 'वसाहत' या शब्दाशी येऊन पोचलं. शब्द साधा, रोजच्या वापरातला. अर्थ चार. मुंग्यांची वसाहत, कारखान्यांची वसाहत, सरकारी नोकरांची वसाहत, या तिघींचे दाखले बिनबोभाट लागले. मुंग्यांनी तर काहीच हरकत घेतली नाही. पहिला आणि मूळचा अर्थ मात्र मुख्य संपादकांनी स्वतः लिहून खाली पाठवला. तो असा होता: 'बाहेरून आलेल्या लोकांनी मोकळ्या जमिनीवर नव्याने वसवलेली वस्ती.'

मुख्य संपादक एरवी स्वतः अर्थ लिहीत नसत. ते अर्थांवर भाषणं करत. पण या शब्दाचं प्रकरण वेगळं होतं. शहराचा नदीकाठचा सगळा सपाट भाग म्हणजेच वसाहत. पंचाहत्तर वर्षांपूर्वी तिथं बाहेरून लोक आले, त्यांनी रस्ते आखले, घरं बांधली, आणि आता पंचाहत्तरीचा समारंभ ठरला होता. वसाहत समितीच्या अध्यक्षांचे आजोबा त्या पहिल्या तुकडीचे म्होरके. समारंभात 'व' खंडाचं प्रकाशन व्हावं, अशी अध्यक्षांची इच्छा होती. कोशाचं प्रकाशन बघायला दोन हजार माणसं येणार, ही गोष्ट मुख्य संपादकांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होती. आधीच्या खंडाला सतरा आली होती, त्यांतली चार सतरंज्या उचलायला.

दाखलेबाईंनी कार्ड वाचलं. पेन्सिल घेतली आणि 'मोकळ्या' या शब्दाभोवती एक गोल काढला. गोल अगदी छोटा होता.

बाईंचे वडील त्या सपाटावर जन्मले होते. वडिलांची थोरली बहीण, म्हणजे बाईंची आत्या, तीही तिथलीच. चाळीस घरांचं गाव होतं. वसाहत आली तेव्हा ते गाव उचलून मागच्या उतारावर नेऊन ठेवलं, तेव्हा वडील सहा वर्षांचे आणि आत्या अकरा. बाई पुढं त्या उतारावरच वाढल्या. कचेरीत हे कोणाला ठाऊक नव्हतं. बाईंनी लपवलं नव्हतं, पण कोणी विचारलंही नव्हतं, आणि न विचारलेलं सांगण्याची त्या कचेरीत कोणाला सवय नव्हती.

त्या जिना चढून मुख्य संपादकांच्या खोलीत गेल्या आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

"साहेब, मोकळ्याचे दाखले?"

मुख्य संपादक हसले. म्हणाले, बाई, ही तर जगजाहीर गोष्ट आहे. बाई म्हणाल्या, जगाची सही चालत नाही. मग साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि आठ दिवसांत तीन दाखले तुमच्या टेबलावर येतील असं जाहीर केलं.

आले. आठव्या दिवशी बरोबर तीन कागद आले आणि त्यांच्यामागोमाग साहेब स्वतः आले. बाईंचा शेजारी, मुद्रितं तपासणारा काना-मात्रा, तो टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखं करून तिथंच थांबला. काना-मात्रा हा माणूस नियमाच्या पुढं कधी गेला नव्हता आणि मागंही कधी राहिला नव्हता. त्याच्या लग्नपत्रिकेत एक वेलांटी चुकली होती म्हणून त्यानं मुहूर्ताच्या आदल्या दिवशी दोनशे घरी जाऊन ती हातानं दुरुस्त केली होती.

पहिला कागद समितीच्या स्मरणिकेतला होता, अध्यक्षांच्या लेखणीचा. त्यात जमीन मोकळी होती असं चार वेळा लिहिलं होतं. बाईंनी तो पाहिला आणि विचारलं की हे अध्यक्षांना कुठून कळलं. साहेब म्हणाले, अर्थात शाळामास्तरांच्या रोजनिशीतून, तळाला टीप आहे बघा. "मग हे मास्तरांचंच घर झालं," बाई म्हणाल्या आणि कागद बाजूला ठेवला.

दुसरा कागद ती रोजनिशीच होती. पहिल्या तुकडीबरोबर आलेल्या शाळामास्तरांची. बाईंनी मोठ्यानं वाचली, कारण काना-मात्रा टेबलाखाली होता आणि त्यालाही ऐकू जावं.

"'आम्ही पोहोचलो तेव्हा येथे कोणीही नव्हते. मुले तहानेने रडत होती. तेव्हा त्यांनी आम्हास पाणी दिले व रात्री अंथरावयास चटया दिल्या.'" बाई थांबल्या. "साहेब, चटया कोणी दिल्या?"

"त्यांनी."

"कोणी?"

साहेब म्हणाले, बाई, मास्तर दमले होते, प्रवासात माणसाचं वाक्य थोडं इकडंतिकडं होतं. टेबलाखालून काना-मात्राचा आवाज आला, की वाक्यरचना निर्दोष आहे.

तिसरा कागद मोजणीदाराचा अहवाल. सरकारी, शिक्क्याचा. त्यावर साहेबांची भिस्त होती आणि ती त्यांनी पुरता न वाचता ठेवली होती. त्यात म्हटलं होतं की सदर क्षेत्र मोकळे असून त्यात विहिरी सात (पाणी गोड), फळझाडे एकशे बारा, घरांची जोती चाळीस, आणि मोजणीस अडथळा करणारी कुत्री. बाईंनी कुत्र्यांपाशी बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, विहिरी एक वेळ पावसानं पडल्या असतील साहेब, झाडं पाखरांनी लावली असतील. पण माणसांच्या बाजूनं भुंकायला माणसं लागतात.

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. त्यांचा आवाज मात्र तसाच मऊ राहिला.

"ठीक. माझे तीन नाहीत. तुमचे किती आहेत?"

बाईंनी मनातल्या मनात मोजलं. मोजणीदार त्यांच्या बाजूला आला होता, मास्तरही आले होते. तिसरं कोणी नव्हतं. सपाटावरच्या चाळीस घरांत एकालाही लिहिता येत नव्हतं. त्यांच्याकडे सांगायला खूप होतं आणि कागदावर एक अक्षर नव्हतं.

"दोन."

"म्हणजे कोणाचेच तीन नाहीत. म्हणजे," साहेबांनी चौकटीकडे बघितलं, आद्य संपादकांचे आभार मानल्यासारखं, "मी म्हणेन तो अर्थ. महिनाअखेर पानं छपाईला जातील. तोवर सही करा."

"मी सही करणार नाही."

हे बाई इतक्या सरळ म्हणाल्या की काना-मात्रा टेबलाखालून बाहेर आला. चोवीस वर्षांत त्या खोलीत 'बघू', 'पाहू', 'कळवते' हे सगळे शब्द वापरून झाले होते. 'नाही' कोणी वापरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. दाखलेबाईंच्या दीर्घ अनुभवाचा लाभ बांधणी विभागालाही व्हावा म्हणून त्यांची तळमजल्यावर बदली करण्यात येत आहे. कार्डखान्याचा भार काना-मात्रा सांभाळेल. बाईंनी आपला पेला, चष्म्याचं घर आणि पाठीमागं घ्यायची उशी उचलली आणि खाली गेल्या. खाली खळीच्या वासात तीन माणसं पानं दुमडत बसली होती. अनुभवाचा लाभ घ्यायला म्हणून त्यांनी बाईंना हाडाची पट्टी दिली आणि दुमड कशी दाबायची ते दाखवलं.

त्या संध्याकाळी बाई उतारावर आत्याकडे गेल्या. आत्या शहाऐंशी वर्षांची. दात चार, ऐकू स्वच्छ, आणि जीभ दोन माणसांना पुरून उरेल अशी. बाईंनी सगळं सांगितलं. आत्या ऐकत होती आणि पायावर चादर सारखी करत होती.

"म्हणजे त्या पुस्तकात मी नाही," आत्या म्हणाली.

"नाही."

"मी नाही, माझा भाऊ नाही. मग तू गं कुठून आलीस? पावसानं पडलीस?"

बाई म्हणाल्या, आत्या, चेष्टा नको. ते पुस्तक शाळांतून जातं. तिथून ते पोरांच्या वहीत जाईल, पोरं घोकतील, आणि मग तू कितीही ओरडलीस तरी ती म्हणतील आजी भ्रमिष्ट झाली, पुस्तकात तर मोकळी आहे. एकदा छापलं की पुढचा खंड पन्नास वर्षांनी. तोवर आपण दोघी कुठं असू ते तूच सांग.

आत्यानं विचारलं, यांचं म्हणणं काय, लिहिलेलंच खरं? बाई म्हणाल्या, हो, लिहिलेलं, तारखेचं, नावाचं, छापलेलं असेल तर उत्तम. आत्या म्हणाली, मग छाप की. बाई म्हणाल्या, तुझं कोण छापणार? आत्यानं भिंतीकडे बोट केलं. भिंतीवरच्या खिळ्याला कालचा पेपर टांगला होता, मधलं पान बाहेर करून, कारण त्या पानावर फोटो नसत आणि ते डबे पुसायला बरं पडे. पान जाहीर नोटिसांचं होतं.

बाई त्या पानाकडे बघत राहिल्या. चोवीस वर्षं त्या स्वतः रोज सकाळी कचेरीत याच पानाला कात्री लावत होत्या. तारीख, नाव, पत्ता, सही, सगळं असलेलं असं दुसरं लिखाण शहरात नव्हतं. 'तारण', 'तबेला', 'तूर्तास' हे सगळे शब्द याच पानावरून कोशात गेले होते.

शनिवारी दोघी पेपरच्या कचेरीत गेल्या. नोटिसांच्या खिडकीमागं एक कारकून होता. त्यानं कोरा अर्ज पुढं ओढला आणि प्रकार विचारला, हरवले-सापडले, नाव बदलले, की मालमत्ता? मग आत्याकडे बघून विचारलं, आजी, काय हरवलंय?

"गाव."

कारकुनानं 'हरवले-सापडले'समोर खूण करायला पेन टेकवलं.

"थांब. हरवलं नाही," आत्या म्हणाली. "ते आहे तिथंच आहे. आम्हाला हलवलं."

कारकून विचारात पडला. शेवटी त्यानं स्वतःच्या हिमतीवर 'मालमत्ता' धरलं, आणि भाषा मात्र ठरलेलीच लागेल असं बजावलं. बाईंना ती भाषा झोपेत पाठ होती. दोन दिवसांनी नोटीस पेपरात आली:

'तमाम लोकांस कळविण्यात येते की, नदीकाठचे सपाट, ज्यावर सध्या वसाहत आहे, ते पूर्वी मोकळे होते असे सांगण्यात येते. सदर सपाटावर, मधल्या विहिरीच्या उत्तरेस तिसऱ्या घरात, माझा जन्म झाला. मी तेथे अकरा वर्षे राहिले. माझ्यासोबत चाळीस घरे होती. याबाबत कोणाची काही हरकत असल्यास त्यांनी ही नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून पंधरा दिवसांचे आत लेखी कळवावी. मुदतीत हरकत न आल्यास माझे म्हणणे सर्वांस मान्य आहे असे समजण्यात येईल.'

खाली आत्याचं नाव, वय, पत्ता.

वरच्या मजल्यावर त्या सकाळी काना-मात्रानं रिवाजाप्रमाणे पानाला कात्री लावली. नोटीस दोनदा वाचली. एकही चूक सापडली नाही. तो उठला आणि साहेबांकडे जाऊन म्हणाला की 'वसाहत'ला तिसरा दाखला आला आहे, हरकतीची मुदत सरली की कार्ड करीन.

साहेबांनी नोटीस वाचली, आडनाव वाचलं आणि टेबलावर थाप मारली. ते म्हणाले, ही दाखलेबाईंची नातेवाईक दिसते, नात्यातला दाखला धरता येत नाही, चौकट वाच. काना-मात्रा चौकटीपाशी गेला. चौकट रोज बघत असूनही त्यानं ती पुन्हा पहिल्यापासून वाचली, विरामचिन्हांसकट.

"'कार्ड करणाऱ्याच्या नात्यातल्या' असं आहे, साहेब. कार्ड मी करतो. आजी माझ्या कोणी लागत नाहीत."

बदलीचा हुकूम साहेबांच्याच सहीचा होता.

आता एकच वाट राहिली होती, हरकतीची. साहेबांनी अध्यक्षांना फोन लावला. पंधरा दिवसांच्या आत कोणी लेखी हरकत घेतली तर नोटीस वादग्रस्त होईल आणि वादग्रस्त दाखला काना-मात्रा धरणार नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. काय लिहायचं ते सांगायला मात्र ते विसरले. अध्यक्ष म्हणाले, काळजीच सोडा. अध्यक्षांना लिहायला फार आवडे. स्मरणिकेत त्यांचे पाच लेख होते. त्यांनी हरकत नुसती कळवली नाही, तर त्याच पेपरात, दुप्पट मोठ्या चौकटीत, ठळक छापून आणली:

'सदर बाईंचे म्हणणे धादांत खोटे आहे. जमीन मोकळीच होती. तेथील चाळीस घरे आमच्या आजोबांनी अवघ्या तीन दिवसांत हलवून ती मोकळी करून घेतली होती, व या कामगिरीबद्दल त्यांचा जाहीर सत्कारही झाला होता.'

त्या सकाळी उतारावर तो पेपर इतक्या हातांतून फिरला की दुपारपर्यंत त्याची घडी फाटली. आत्यानं तो तीन जणांकडून तीनदा वाचून घेतला. म्हणाली, हा पोरगा आजोबावर गेलाय, मोकळाढाकळा आहे.

मुदत सरताच काना-मात्रानं चार कार्डं केली. मोजणीदार, मास्तर, आत्या, अध्यक्ष. चार घरं, चार तारखा, चार नावं. चौथ्या कार्डाला हरकत म्हणावं की दुजोरा, यावर तो थोडा अडला. मग त्यानं नुसतंच 'दाखला' असं लिहिलं.

दोन दिवसांनी मुख्य संपादक तळमजल्यावर आले. साहेब बांधणीत आल्याची ही पहिलीच वेळ. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर टेकले. बाई पानं दुमडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

साहेबांनी आधी मधला मार्ग काढला. 'मोकळ्या'च्या जागी 'मोकळ्या समजल्या गेलेल्या' असं केलं तर? बाईंनी विचारलं, कोणी समजली ते पुढं लिहाल का? साहेब म्हणाले, तेवढं कशाला. मग 'समजल्या'ही नको, बाई म्हणाल्या. "नुसतं 'जमिनीवर'. शब्दाचा अर्थ तेवढाच आहे. पुढचं आपण पदरचं घालत होतो."

साहेबांनी मान डोलावली. शब्दशास्त्र त्यांनाही येत होतं, फक्त रोज लागत नव्हतं. मग ते खऱ्या मुद्द्यावर आले. अर्थ बदलला तर बदलला. पण खाली दाखले छापताना अध्यक्षांचा जरा छोटा करू. 'जमीन मोकळीच होती', पुढं तीन टिंबं. तीन टिंबांनी कोणाचं काय जातं? आणि तेवढं झालं तर, साहेब म्हणाले, हा बदलीचा हुकूम मी आजच फाडतो. वर तुमची खुर्ची तशीच आहे. काना-मात्रा तिच्यावर बसतच नाही, शेजारी स्टूल घेऊन बसतो.

बाईंचा हात आता थांबला. त्या खोलीत काढलेली चोवीस वर्षं, चार लाख कार्डं, खिडकीतला दुपारचा उजेड. खळीच्या वासानं त्यांचं डोकं रोज चारला दुखू लागे. निवृत्तीला अजून तीन वर्षं होती.

"दाखला तोडायचा नाही, साहेब. कोणाचाच नाही. अध्यक्षांचा तर मुळीच नाही. तीन टिंबांत आमची चाळीस घरं जातात."

"तुमची?"

"आमची. आणि हुकूम फाडू नका. मी वर आले की कार्डं माझी होतील आणि आत्या पुन्हा माझी आत्या होईल. खंड छापून होईतो मी इथंच बरी आहे. नंतरही कोणी शंका काढू नये, म्हणून नंतरही इथंच."

साहेब म्हणाले, अध्यक्ष काय म्हणतील याचा तरी विचार करा.

"ते म्हणालेत. छापूनही आलंय."

साहेब उठले. जिन्यावर त्यांनी स्वतःची समजूत घातली, की दाखले शेवटी बारीक टाइपात असतात. कोश उघडणारा माणूस अर्थ बघतो आणि मिटतो. पंचेचाळीस वर्षांत बारीक टाइप वाचताना त्यांनी कोणाला पाहिलं नव्हतं. पानं तशीच गेली. काना-मात्रानं सही केली. 'वसाहत'चं पान बांधणीत आलं तेव्हा बाईंनी ते सगळ्या प्रतींसाठी स्वतःच्या हातानं दुमडलं. अकराशे वेळा. शेजारच्यानं मदत करतो म्हटलं, तर त्यांनी पट्टी सोडली नाही.

समारंभ वसाहतीच्या मैदानावर होता. मांडव मोठा होता. पुढं समितीच्या खुर्च्या, मग निमंत्रितांच्या, मग मोकळी जागा. त्या जागेत उतारावरचे लोक येऊन बसले. त्यांना बोलावलं नव्हतं. फाटकावरच्या स्वयंसेवकानं पास विचारला तेव्हा आत्या म्हणाली, बाळा, तू उभा आहेस तिथं आमचा गोठा होता, आणि चालत राहिली. तिच्यामागून साठ-सत्तर माणसं आली. बाई आत्याचा हात धरून होत्या.

भाषणं झाली. मग खंडाची फीत सुटली. अशा वेळी प्रमुख पाहुण्यानं खंडातली एक नोंद वाचून दाखवायची पद्धत होती, आणि ती कोणती हे ठरलेलं होतं. मुख्य संपादकांनी खूण घातलेलं पान उघडून अध्यक्षांच्या हातात दिलं आणि हळूच सांगितलं की वरच्या दोन ओळी पुरेत.

अध्यक्षांनी खणखणीत आवाजात वाचलं: "'वसाहत. बाहेरून आलेल्या लोकांनी जमिनीवर नव्याने वसवलेली वस्ती.'" टाळ्या पडल्या. ते पुस्तक मिटणार, तेवढ्यात त्यांना खाली बारीक टाइपात स्वतःचं नाव दिसलं. पाच लेख लिहून झाले होते, पण कोशात त्यांचं नाव कधी आलं नव्हतं. ते फुलले. मुख्य संपादकांनी त्यांच्या कोपराला स्पर्श केला. अध्यक्षांनी तो स्पर्श अभिनंदनाचा समजून स्वीकारला.

"आणि खाली," ते ध्वनिक्षेपकात म्हणाले, "दाखला म्हणून या कोशानं माझंच वाक्य घेतलं आहे. वाचतो. 'जमीन मोकळीच होती. तेथील चाळीस घरे...'"

तिथं ते थांबले. वाक्य त्यांचंच होतं, पण एवढ्या लोकांसमोर, मागं ती साठ-सत्तर माणसं बसलेली असताना, ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. ध्वनिक्षेपकातून अध्यक्षांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी पान उलटायला बोट ओलं केलं.

मागून आत्या उठली. तिला उठायला वेळ लागला, पण सगळे वळून बघेपर्यंत ती उभी होती.

"वाचा की," ती म्हणाली. "थांबलात का? पुढच्या ओळीत आम्ही आहोत."

अध्यक्षांनी मुख्य संपादकांकडे पाहिलं. मुख्य संपादक आपल्या बुटांकडे बघत होते. समितीच्या खुर्च्यांतून कोणीतरी ध्वनिक्षेपक बंद करा असं खुणावत होतं. बंद करायचं बटण कुठं आहे हे ज्याला ठाऊक होतं तो उतारावरचा होता, आणि तो हाताची घडी घालून उभा होता.

आत्या बसली नाही. बाईही उठल्या. मग त्यांच्या शेजारचे, मग त्यांच्या मागचे, एकेक करून सगळी साठ-सत्तर माणसं उभी राहिली आणि पुढचं ऐकायला थांबली.

अध्यक्षांनी पान दोन्ही हातांनी धरलं आणि पुढं वाचायला लागले.